नोझल चेक न काढताच टेक्निशियन म्हणाला, ‘हेड गेलं’

माझ्या टी-शर्ट छापायच्या इंकजेट मशीनवर काळा टी-शर्ट छापताना वरचा अर्धा भाग स्वच्छ पांढरा यायचा आणि खाली येईपर्यंत पांढरा विरळ होत राखाडी दिसायला लागायचा. मशीन पंधरा-वीस मिनिटं थांबवली की पुढच्या टी-शर्टची सुरुवात पुन्हा चांगली. हे सगळं मी टेक्निशियनला फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं. तो आला, लागोपाठ चार वेळा हेवी क्लिनिंग मारलं (इंक फवारणाऱ्या हेडमधून जोराने इंक ओढून ते साफ करायचं) आणि म्हणाला, “साहेब, हेड गेलं. बदलावंच लागेल.”

एकदाही नोझल चेक, म्हणजे हेडच्या सगळ्या बारीक भोकांतून इंक येते का ते दाखवणारा रेषांचा नमुना, काढला नाही. तिथेच मी त्याला थांबवायला हवं होतं, पण ऑर्डर अडकली होती आणि मी घाबरलो होतो.

‘नवीन’ हेड त्याच्या बॅगेतच होतं. खोका नाही, सील नाही, नुसती चकचकीत पिशवी. जुनं हेड “कंपनीला परत द्यावं लागतं” म्हणून तो घेऊन गेला. पैसे रोख घेतले, पावती नंतर पाठवतो म्हणाला. ती आजपर्यंत आलेली नाही. चार दिवस मशीन ठीक चालली, पाचव्या दिवशी पांढरा पुन्हा तसाच विरळ. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

शेवटी याच धंद्यातल्या एका मित्राला बोलावलं. त्याने आधी तीन नोझल चेक काढायला लावले. छपाईआधी एक, मोठा पांढरा भाग छापून झाल्याबरोबर दुसरा आणि वीस मिनिटं थांबून तिसरा. पहिला पूर्ण, दुसऱ्यात पांढऱ्याच्या रेषा जागोजागी तुटलेल्या, तिसरा पुन्हा पूर्ण. मेलेलं नोझल विश्रांती घेऊन जिवंत होत नाही. हेड व्यवस्थित होतं, त्याच्यापर्यंत इंकच पुरेशी पोचत नव्हती.

पांढऱ्याचा डॅम्पर, म्हणजे हेडच्या आधी इंक गाळणारी छोटी डबी, काढला तर आतली जाळी पांढऱ्या गाळाने भरलेली. पांढऱ्या इंकमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड असतं, ते पाण्याच्या जवळजवळ चौपट जड. इंक रोज हलवली नाही, नळ्यांत फिरवली नाही, तर ते तळाशी बसतं. सुट्टीत मी मशीन तशीच बंद ठेवली होती, ती चूक माझीच. पण दुरुस्ती होती ती डॅम्पर बदलण्याची आणि नळ्या धुण्याची. हेवी क्लिनिंगने उलट नुकसानच होतं, कारण तुंबलेल्या जाळीतून जोराने ओढलं की इंकऐवजी हवा आत शिरते. ते चार दिवस मशीन का चालली तेही कळलं. हेड बसवताना टेक्निशियनने सिरिंजने ताजी इंक ओढून घेतली होती.

आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट दिसली. माझ्या मशीनमध्ये हेडच्या ज्या तोंडातून पांढरी इंक जाते, त्याच्या बुडाशी मॅजेन्टाचा वाळलेला डाग होता. म्हणजे ते हेड आधी कुठल्यातरी दुसऱ्या मशीनवर चाललेलं होतं.

तुमच्याकडे कोणी ‘हेड गेलं’ म्हणालं, तर आधी असे तीन नोझल चेक काढून त्यांवर तारीख-वेळ लिहा. प्रत्येक वेळी तुटलेल्या जागा त्याच असतील, तर नोझल चोंदल्याची शक्यता मोठी. आधी कॅपिंग (हेड झाकणारी टोपी) आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) साफ करा, सौम्य क्लिनिंग करून बघा. जागा बदलत असतील किंवा छापता छापता रेषा तुटत असतील, तर डॅम्पर, नळी, हवा यांकडे बघा. एखादा रंग अचानक पूर्ण गायब झाला, तर मशीन बंद करून हेडची चपटी केबल नीट बसली आहे का, तिच्यावर इंक सांडली आहे का, ते तपासून घ्या. हेड बदलायचंच ठरलं, तर सील तुमच्या समोर फोडू द्या, जुन्या-नव्या दोन्ही हेडच्या नंबरांचे फोटो काढा आणि जुनं हेड कुणालाही देऊ नका.

माझी मशीन आता नव्या डॅम्परवर आणि त्या वापरलेल्या हेडवर चालते आहे. माझं स्वतःचं हेड, ज्यात बहुधा काहीच बिघाड नव्हता, तो टेक्निशियन बॅगेत घालून घेऊन गेला.