सामाईक लॉगिनसाठी सॅमल की ओपनआयडी कनेक्ट?

मुख्य कार्यालय दादरला आणि शाखा विरार-कल्याणपर्यंत, अशा एखाद्या सहकारी पतसंस्थेने ईमेल, पगार आणि कर्जखाती या तिन्हींसाठी एकच लॉगिन ठेवायचे ठरवले, की सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट हे दोन पर्याय समोर येतात; ओळख एकाच ठिकाणी तपासून इतर प्रणालींना कळवण्याची ही दोन मानके. सॅमल २.० हे २००५ सालचे, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चे. रोज लॉगिन करणाऱ्याला दोहोंत फरक जाणवत नाही. म्हणून निवड सुरक्षेच्या निकषावरच व्हावी.

सॅमलमध्ये ओळखीची ग्वाही एक्सएमएल (खुणांनी मजकुराचे भाग पाडणारे स्वरूप) दस्तऐवजातून येते आणि डिजिटल स्वाक्षरी त्याच दस्तऐवजाच्या एका भागावर असते. स्वाक्षरी तपासणारा कोड आणि नाव वाचणारा कोड तोच मजकूर निरनिराळा वाचू शकतात, हे या पद्धतीचे मूळ दुखणे आहे. ड्युओ सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने २०१८ मध्ये उघड केलेल्या दोषात, वापरकर्त्याच्या नावात एक्सएमएलची टिप्पणी (माहितीचा भाग न धरली जाणारी नोंद) घुसवली तरी स्वाक्षरी वैधच ठरत असे, कारण तपासणीपूर्वी मजकूर प्रमाणित रूपात आणताना टिप्पण्या गळून पडतात. काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मात्र टिप्पणीपर्यंतचेच नाव वाचत, आणि त्याच यंत्रणेत साधे खाते असलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने आत शिरू शकत असे. धनादेशावरची सही खरी, पण रोखपालाने नाव अर्धेच वाचले, असा हा प्रकार. रुबी-सॅमल या लायब्ररीत २०२५ मध्ये सापडलेले दोषही याच जातकुळीचे होते: एकाच तपासणीत वापरलेले दोन पार्सर (दस्तऐवज वाचणारे कोड) एकच दस्तऐवज वेगवेगळा वाचत होते.

ओपनआयडी कनेक्टही निष्कलंक नाही. त्यात ओळखीची ग्वाही टोकन नावाच्या छोट्या मजकुरातून येते; हे टोकन वाचणाऱ्या काही लायब्रऱ्या ‘स्वाक्षरी नाही’ असे टोकनानेच सांगितले तर तेही मान्य करीत, हे २०१५ मध्ये उघड झाले. परंतु कोणती स्वाक्षरी-पद्धत स्वीकारायची हे सर्व्हरवरच पक्के केले की ती वाट बंद होते. शिवाय येथे स्वाक्षरी टोकनाच्या सलग मजकुरावर असल्याने वाचनातल्या तफावतीला वाव बराच कमी राहतो.

म्हणून नव्या प्रणालींसाठी मी ओपनआयडी कनेक्टच सुचवेन. पगाराचे जुने सॉफ्टवेअर केवळ सॅमल जाणत असेल, तर दोन्ही भाषा बोलणारा कीक्लोकसारखा सर्व्हर घ्यावा, सॅमल तेवढ्यापुरतेच ठेवावे आणि पुरवठादाराकडून लायब्ररीचे नाव व आवृत्ती लेखी मागावी. सुरक्षा-घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे. तेव्हा लॉगिनच्या नोंदी कोण पाहणार, हेही करारातच ठरलेले असावे.