गोव्याच्या कोमट समुद्रासाठी मला विकलेला 7 एमएमचा सूट

यंदा पहिल्यांदाच गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग ट्रायथलॉन शर्यतीला, उतरायचं ठरवलं असेल आणि कुणी ‘वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) घेतला का?’ म्हणून मागे लागलं असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे 28,500 रुपये गेले. पैशापेक्षा मोठं नुकसान झालं, ते पुढे सांगतो.

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. वय 43. धावणं जुनं आहे. सायकल चार वर्षांपासून चालवतो, नागपूरची 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेबारा तासांत पूर्ण केली आहे. भीती होती ती पाण्याची. 70.3 मध्ये 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं असतं. पोहायला 1 तास 10 मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाहेर आलं नाही तर पुढे सायकलला हात लावता येत नाही.

इथून तरणतलाव गाठायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यामुळे सराव आमच्या मामा तलावात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातले. पूर्व विदर्भात असे तलाव गावोगावी आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजाने पिढ्यांपूर्वी बांधलेले. मच्छीमार सोसायटीतले एक ढिवर काका त्यांचा डोंगा घेऊन माझ्या बाजूने चालत. त्यांची पहिल्या दिवशीची अट एकच होती, ‘मास्तर, जाळं कुठं लावलं ते इचारल्याबिगर पाण्यात उतरू नोका.’ ही अट विदर्भातल्या कुठल्याही तलावात पोहणाऱ्याने पाळावी. रात्री लावलेलं नायलॉनचं जाळं सकाळच्या गढूळ पाण्यात दिसत नाही आणि पायात अडकलं की पाय मारून सुटत नाही, आणखी आवळतं. शिंगाड्याच्या वेलींचंही तसंच.

जुलैच्या शेवटी पाळीजवळच्या मोहाच्या झाडापासून सांडव्यापर्यंत आणि परत, असं करत मी 1.9 किलोमीटर 1 तास 6 मिनिटांत पूर्ण केलं. अंगावर साधी पोहण्याची पँट. हा आकडा लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात ‘ते’ भेटले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. ते मोठ्या शहरातले, ऑनलाइन कोचिंग देणारे. एका ओळखीच्या सायकलस्वाराने त्यांचा नंबर दिला होता. फोनवर इतके गोड बोलले की मीच दोन दिवसांनी परत फोन केला. त्यांनी आधी माझी भीती ऐकून घेतली, पूर्ण ऐकून घेतली. समुद्र कधी पाहिला नाही, लाटेत श्वास चुकला तर काय, गर्दीत कुणाची लाथ लागली तर काय, सगळं मी सांगितलं. मग म्हणाले, ‘सर, तुम्ही वेटसूट नाही घेतला? गोव्यात जेलीफिश असतात. सूट नसेल तर पाण्यात उतरूच देत नाहीत.’

मी शंका काढली तर त्यांनी नियमाचं छायाचित्र पाठवलं. इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं की वेटसूट सक्तीचा आहे. तो नियम खोटा नव्हता, म्हणूनच मी फसलो. पाणी साधारण 16 अंशांच्या खाली गेलं तर वेटसूट सक्तीचा होतो. तो युरोपातल्या थंड पाण्याच्या शर्यतीचा कागद होता. तापमानाची ओळ कापून उरलेला भाग मला पाठवला होता. हे मला कळलं ते तीन महिन्यांनी.

खरा नियम असा आहे. आयर्नमॅनच्या शर्यतीत पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांना वेटसूट चालतो. त्याच्या वर 28.8 पर्यंत घातला तर तुम्ही बक्षिसाच्या यादीतून बाहेर. त्याहून गरम असेल तर बंदी, कारण गरम पाण्यात रबराच्या आत शरीर तापतं आणि त्यात माणूस जाऊ शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याचा समुद्र 28-29 अंशांच्या आसपास असतो. पोहणाऱ्या बहुतेकांच्या अंगावर साधा ट्रायसूट, म्हणजे तिन्ही प्रकारांत चालणारा पातळ कापडी सूट, असतो. म्हणजे मला जे ‘सक्तीचं’ म्हणून विकलं, त्याचा तिथे काही उपयोगच नव्हता.

पैसे यूपीआयने पाठवले. पतसंस्थेतून उचल घेतली होती. बायको म्हणाली, ‘अहो, एकदा कुणाला तरी विचारून घ्या.’ मी म्हटलं, विचारलं ना, कोचलाच विचारलं. बिल मागितलं तर एका कोऱ्या चिठ्ठीचा फोटो आला, त्यावर हाताने लिहिलेलं, ‘प्रो रेसिंग सूट 5 एमएम’. जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचं नाव नाही. त्या चिठ्ठीवरच मी थांबायला हवं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खोका आला. उघडल्याबरोबर सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनसारखा वास आला. सूट आतून-बाहेरून कापडाचा होता, गुडघ्यांवर जाड ठिगळं, चेन पुढून छातीवर. उजव्या खांद्यावर नावाजलेल्या कंपनीचा लोगो चिकटवलेला. मानेच्या आतली पट्टी ब्लेडने कापलेली, फक्त शिवणीचे चार धागे उरलेले. मला यातलं काहीच खटकलं नाही, कारण खरा वेटसूट मी कधी पाहिलाच नव्हता.

आता पाहिला आहे, म्हणून सांगतो. ट्रायथलॉनचा वेटसूट बाहेरून गुळगुळीत, चकचकीत रबराचा असतो, कापडाचा नाही. पाणी त्याच्यावरून घसरावं म्हणून तसा करतात. चेन पाठीवर असते आणि तिला लांब दोरी असते, म्हणजे पाण्यातून निघता निघता स्वतःच्या हाताने उघडता येते. खांद्याला रबर अगदी पातळ, दीड-दोन एमएम असतं, कारण हात हजार वेळा फिरवायचा असतो. छाती आणि मांड्यांना जाड, पण कुठेही 5 एमएमपेक्षा जास्त नाही, तशी मर्यादाच आहे. अंगात घालताना घाम फुटतो, काखेत आणि गुडघ्यामागे हवा राहत नाही. माझा सूट दोन मिनिटांत चढला. कोच म्हणाले होते, ‘एक साईज मोठाच घ्या, मोकळं वाटेल.’ मोकळा वेटसूट म्हणजे पाण्याची पिशवी. आत पाणी खेळत राहिलं की ऊबही राहत नाही आणि ते वजन ओढत पोहावं लागतं.

हा पाणबुड्यांचा, म्हणजे खोल बुडी मारणाऱ्या माणसांचा सूट होता. पाणबुड्यांना तळाशी गार पाण्यात तासभर राहायचं असतं, म्हणून त्यांचा सूट जाड असतो. त्या रबरात बारीक बुडबुडे असतात, त्यांनी माणूस इतका तरंगतो की खाली जायला पाणबुड्यांना कमरेला शिसं बांधावं लागतं. आणि इथेच माझा खरा घात झाला.

त्या सूटमध्ये मी पहिल्याच आठवड्यात 1.9 किलोमीटर 52 मिनिटांत केलं! पाय लाकडासारखे वर तरंगत होते, श्वासाला मान वळवली की तोंड आपोआप पाण्याबाहेर येत होतं. मला वाटलं, माझं पोहणं सुधारलं. कोचनाही तेच वाटलं, निदान तसं म्हणाले. त्यानंतर मी सूटशिवाय पाण्यात उतरणंच सोडलं. अर्धा ऑगस्ट, सप्टेंबर, अर्धा ऑक्टोबर, दोन महिने. पाय वर ठेवायला पोट आणि कंबर कशी धरायची हे जुलैत जमायला लागलं होतं, ते अंग विसरलं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी पाण्यात माझं डोकं भणभणायला लागलं. सांडव्यापाशी वळलो आणि हातात जोर उरला नाही. गळ्याशी सूट आवळत होता, तोंडाला पाणी लागत होतं पण गार वाटत नव्हतं. काकांनी डोंगा जवळ आणला, माझं मनगट धरलं आणि तसंच ओढत उथळ पाण्यात नेलं. चेन उघडली तेव्हा आतून कढत वाफ आल्यासारखं झालं, छाती लाल झालेली. काकांनी गमछा भिजवून डोक्यावर पिळला. नंतर शाळेच्या विज्ञान पेटीतला थर्मामीटर पाण्यात धरला, तो 29 दाखवत होता, सकाळी साडेसहाला.

काका म्हणाले, ‘मास्तर, हा कपडा थंडीचा हाये. भादव्यात कांबळं पांघरून कोणी पोहते का?’

कोचला फोन केला, ते म्हणाले, ‘बॉडी अ‍ॅडजस्ट होते सर, दोन आठवडे द्या.’ मी काकांचं ऐकलं नाही, कोचचं ऐकलं. हे लिहिताना आजही हात थांबतो. ज्या माणसाचा जन्म पाण्यात गेला तो समोर बसून खरं सांगत होता, आणि मी फोनमधल्या माणसाला तज्ज्ञ मानलं.

शर्यतीला 24 दिवस उरले असताना स्पर्धकांसाठीची मार्गदर्शिका ईमेलने आली. इंग्रजीतली बरीच पानं. मुलगी अकरावीला आहे, ती वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, यात तर वेटसूट चालणार नाही असं आहे.’ मी तीन वेळा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सूट घेऊन गावातल्या लेथवाल्याकडे गेलो. तो मोटारपंपाचे शाफ्ट दुरुस्त करतो, त्याच्याकडे जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. त्याने छातीपाशी रबर हलकेच धरून मोजलं, 6.8. मांडीला 7. चिठ्ठीवर 5. म्हणजे कडाक्याच्या थंड पाण्यातही हा सूट कुठल्या शर्यतीत चालला नसता. खांद्यावरचा लोगो लेथवाल्याच्या पोराने नखाने उचलला, तो स्टिकरसारखा निघून आला. मी प्रत्येक मापाचा फोटो काढून घेतला.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘स्विमवेअर रिटर्न होत नाही, हायजीनचा प्रश्न असतो.’ मापांचे फोटो पाठवले, त्यानंतर नंबर ब्लॉक.

त्या 24 दिवसांत जमेल तेवढं सूटशिवाय पोहलो. पहिल्या दिवशी 1 किलोमीटरवर थांबावं लागलं, पाय खाली ओढत होते. गोव्याला गेलो. मिरामारच्या वाळूवर पहाटे उभा होतो तेव्हा एकाच्याही अंगावर मला वेटसूट दिसला नाही. समुद्र मायाळू होता, मीठ माणसाला थोडं उचलतं. जेलीफिशची भीती दहा मिनिटांत गेली. पण जुलैचं अंग परत आलं नव्हतं. 1 तास 14 मिनिटांनी वाळूला पाय लागले. स्वयंसेवक मुलीने हळूच घोट्याची वेळ मोजणारी चिप काढून घेतली आणि पाठीवर हात ठेवला. सायकल तिथेच रॅकवर होती. जुलैतला माणूस 1 तास 6 मिनिटांत बाहेर आला असता. नुकसान म्हणालो ते हे.

आता कामाचं. वेटसूट वाईट वस्तू नाही. हॅम्बुर्गच्या आल्स्टर तलावात किंवा कोपनहेगनच्या समुद्रात उतरायचं असेल तर तो लागेल, आणि तेव्हा जरूर घ्या, जमल्यास आधी भाड्याने घेऊन पाहा. पण घ्यायच्या आधी त्या शर्यतीच्या पाण्याचं तापमान आणि आयोजकांची मार्गदर्शिका स्वतः वाचा, इंग्रजी येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या. नियमाचा तुकडा कुणी पाठवला तर पूर्ण पान मागा. जो प्रशिक्षण देतो तोच सामान विकत असेल, तर तिसऱ्या कुणाला तरी विचारा. सूट असला तरी आठवड्यातले बहुतेक दिवस त्याच्याशिवाय पोहा. आणि आपल्या विदर्भातल्या पाण्यात होळीनंतर किंवा पावसाळ्यात जाड रबर घालून कधीच उतरू नका.

फसला असाल तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मला नीट माहिती मिळाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षं. मी आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, मग ऑनलाइन तक्रार दाखल केली. सोबत यूपीआयची नोंद, कुरिअरची पावती, चिठ्ठीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं संभाषण आणि व्हर्नियरचे फोटो जोडले. ब्लॉक झालात तरी चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात करणार होतो, मुलीने फोन हातातून काढून घेतला.

सूट धानाच्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवला आहे, आयोगापुढे न्यावा लागेल. तुमच्याकडेही असा आत-बाहेर कापडाचा, मानेची पट्टी कापलेला, ‘प्रो रेसिंग सूट 5 एमएम’ म्हणून विकलेला सूट आला असेल, तर खांद्यावरचा लोगो नखाने उचलून बघा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. अक्षर सारखं निघालं तर मला कळवा.