घोडियं की पलंगाला लागून कॉट? रात्रीपुरतं सांगायचं तर

माझ्या मावसबहिणीला दोन महिन्यांत बाळ होणार आहे. परवा ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला तो हा : बाळाला रात्री निजवायचं कशात? गेल्या वर्षी मी आणि बायकोने यावर महिनाभर खल केला होता. बडोद्यात मराठी घरातही घोडियं, म्हणजे चौकटीला टांगलेल्या कापडी झोळीचा गुजराती पाळणा, असतंच, आणि ते नसलं तर कोणीतरी आणून देतं. आमचं संखेड्याचं आहे, लाखकामाचं, तांबड्यावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं. त्यात मी निजलो, माझी बहीण निजली, लेकीचं बारसंही त्यातच झालं. तरी सहाव्या आठवड्यापासून ती रात्री कॉटमध्ये झोपते. आता ती दहा महिन्यांची आहे. दोन्ही वापरून पाहिल्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो. पण मूल आमचं एकच, तेव्हा तेवढं लक्षात ठेवूनच वाचावं.

आधी घोडियाची बाजू, कारण ती भक्कम आहे. लेक त्यात दहा मिनिटांत झोपायची. कॉटमध्ये तिला थोपटत अर्धा अर्धा तास बसावं लागे, आणि रात्री दोनला तो अर्धा तास फार लांब वाटतो. दोरी हातात धरून पडल्या पडल्या हलवता येते, उठावं लागत नाही. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर गेला की, सुती झोळीला चारी बाजूंनी वारा लागतो; गादीवर पाठ घामेजते तशी झोळीत घामेजत नाही. लहान बाळाला उकाडा बाधतो, त्यामुळे हा मुद्दा मला अजूनही किरकोळ वाटत नाही. मच्छरदाणीही घोडियावर सोपी बसते, आणि पावसाळ्यानंतर विश्वामित्री नदीच्या आसपास राहणाऱ्यांना डासांचं वेगळं सांगायला नको.

मग अडलं कुठे? बाळाच्या निजण्याच्या पद्धतीपाशी.

आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं : पाठीवर, सपाट, थोड्या घट्ट गादीवर, आणि आजूबाजूला काही नको. पाठीवर निजवण्याचं ऐकून माझी आई घाबरली. तिच्या डोक्यात गुळणीची भीती. दूध वर आलं आणि श्वासात गेलं तर? म्हणून कुशीवर निजवायचं, पाठीशी छोटा लोड लावायचा, हीच तिची रीत. ही भीती मलाही होती, म्हणून बाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढून जावं लागतं. बाळ पालथं असलं की हे उलटं होतं. कुशीवरचं बाळ तर कधी पालथं होईल सांगता येत नाही. आईने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. त्या रात्रीपासून लोड गेला. राईची उशी मात्र जायला आणखी पंधरा दिवस लागले. डोकं गोल व्हावं म्हणून ती सगळीकडेच देतात. त्यावर बाईंचा उपाय साधा होता : रोज डोक्याची बाजू बदला, आणि जागेपणी, आपण समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवा.

इंग्लंडमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण तिथे निम्म्याच्या आसपास उतरलं. असे मृत्यू सर्वांत जास्त दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात, आणि बहुतेक सहा महिन्यांच्या आत. हे वाचलं तेव्हा लेक पाच आठवड्यांची होती. त्यानंतरच्या माझ्या रात्री कशा गेल्या असतील, हे नव्या आईबापांना सांगायला नको.

आता घोडियात बाळ पाठीवरच असतं, हे खरं. पण सपाट नसतं. झोळी मध्ये खाली जाते, पाठीला बाक येतो, आणि डोकं जड, मान कच्ची, म्हणून हनुवटी छातीकडे झुकते. त्या वयात श्वासाची वाट अरुंद आणि मऊ असते, हनुवटी टेकली की ती दबू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली हेच स्पष्ट लिहिलं : झोपायची जागा सपाट हवी, 10 अंशांपेक्षा जास्त उतार नको. त्याच वर्षी तिथे तशा उताराच्या बाळपाळण्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. तो कायदा आपल्या घोडियाला समोर ठेवून केलेला नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं त्यात वाढली, हे आईचं म्हणणं मी खोडत नाही. पण हनुवटीचं कारण दोन्हीकडे सारखंच आहे, असं मला वाटतं.

एवढं कळूनही आम्ही आठवडाभर घोडियंच वापरलं. माझं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. झोळीत बाळाचा चेहरा दिसत नाही.

दोन्ही बाजूंचं कापड वर येतं आणि बाळ आत बुडतं. पलंगावरून पाहिलं तर नुसती झोळी दिसते. मान नीट आहे का, कापड नाकावर आलंय का, काही कळत नाही. मग उठायचं, मोबाइलची बत्ती हाताआड धरून जवळ जायचं, कापड बाजूला करायचं. कापडाला हात लागला की झोळी हलते, झोळी हलली की वरची कडी कुरकुरते, आणि लेक डोळे उघडते. मग पुन्हा दोरी. एका रात्री मी सहा वेळा उठलो, त्यातल्या चार वेळा ती जागी झाली. सकाळी बायको म्हणाली, "अरे, ती बरी आहे हे बघायला जातोस आणि तिला उठवून येतोस." ते खरंच होतं. आणि न बघता पडून राहणं मला जमत नव्हतं.

कॉटमध्ये हा प्रश्नच उरला नाही. आमची कॉट तीन बाजूंनी कठड्याची, चौथी बाजू पलंगाला लागून. पलंग आणि कॉटची उंची सारखी, त्यामुळे उशीवरून मान वळवली की लेकीचं तोंड समोर. बाहेरच्या दिव्याच्या उजेडात छाती वरखाली होताना दिसते. उठायचं नाही, बत्ती नाही, कुरकुर नाही. पहिल्याच रात्री मी सलग तीन तास झोपलो. दीड महिन्यात असं पहिल्यांदाच झालं होतं.

बायकोचं कारण निराळं आणि कदाचित अधिक वजनदार. तिचं सिझेरियन झालेलं. घोडियातून बाळ उचलायचं म्हणजे वाकायचं, दोन हात झोळीत घालायचे, आणि टाक्यांवर ताण घेत सरळ व्हायचं. कॉटमधून ती बसल्या बसल्या लेकीला जवळ ओढते, पाजते, ढेकर काढते आणि पुन्हा तिच्या जागी ठेवते. बाळ निदान पहिले सहा महिने आईबापांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या जागी असावं, असं डॉक्टर सांगतात. ते या रचनेत आपोआप साधतं. आपल्यामध्येच घेऊन झोपण्याचा विचार आम्हीही केला होता. पण दोघांची झोप इतकी तुटलेली, मऊ गादी आणि उशा, त्यामुळे तो लवकरच सोडला.

साडेचार महिन्यांची असताना लेक पहिल्यांदा वळली. कॉटमध्ये वळायला जागा होती. त्या दिवसापासून दुपट्यात गुंडाळणं बंद केलं, कारण हात अडकलेले असताना पालथं झालेलं बाळ उलटू शकत नाही. झोळीत ती वळली असती तर तोंड थेट कापडात गेलं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. आता ती दोन्हीकडे सहज वळते. आम्ही निजवतो पाठीवर, मग ती पालथी झाली तर होऊ देतो. बाईंनीच तसं सांगितलं आहे.

कॉटचे त्रासही आहेत. लेकीला सवय लागायला दहा-बारा रात्री गेल्या, आणि त्या अवघड होत्या. छोट्या खोलीत ती बरीच जागा खाते. आणि विकत घेताना नीट पाहावं लागतं : काठ्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, गादी चारी कडांना घट्ट बसलेली हवी, आणि हाताने दाबून सोडली की लगेच वर यायला हवी. आम्ही आधी घरच्या कापसाची गादी घातली होती. महिन्यात मधोमध खळगा पडला आणि झोळीसारखंच झालं, म्हणून काथ्याची घेतली. कॉट आणि पलंग पट्ट्यांनी आवळून बांधावे लागतात, मध्ये बोटभर फटही ठेवायची नाही. मी रोज रात्री पट्टे हाताने ओढून पाहतो.

मावसबहिणीला मी हे सगळं सांगितलं. तिचं घर आमच्यापेक्षा लहान आहे आणि सासूबाई अनुभवी आहेत, त्यामुळे ती काय ठरवेल ते तिचं. रात्रीसाठी मी कॉटच सुचवली. घोडियं मात्र तिला देणार आहे, दुपारी कोणी शेजारी बसलेलं असताना वापरायला. झोप लागली की उचलून सपाट जागी ठेवायचं, एवढं बोलणं झालंय. झोळीचं कापड जुनं होऊन सैल पडलंय, तेवढं मंगळ बाजारातून नवं आणावं लागेल.