भूलशास्त्रात एमडी की डीएनबी?

एमबीबीएसनंतर भूलतज्ज्ञ व्हायला दोन वाटा: विद्यापीठाची एमडी, किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी. दोन्ही अभ्यासक्रम तीन वर्षांचे, दोन्हीला नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) लागते, प्रबंध दोन्हीत लिहावाच लागतो. तेव्हा तिथे डोके शिणवू नका.

खर्चात सरकारी एमडी स्वस्त, पण मागे बंधपत्र येते, म्हणजे नंतर ठरावीक काळ सरकारी सेवेची अट. अभिमत (डीम्ड) विद्यापीठातली एमडी खिसा रिकामा करते, त्यापुढे डीएनबीची फी किरकोळ.

खरा फरक हाताखालच्या केसेसचा. मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री दोनला सिझेरियन येते आणि स्पायनल (पाठीच्या मणक्यातून दिलेली भूल) तुम्हीच देता. खासगी डीएनबी केंद्रात फायबरऑप्टिक स्कोप (श्वासमार्ग आतून पाहण्याची लवचिक दुर्बीण), अल्ट्रासाऊंडवर नर्व्ह ब्लॉक (ठरावीक नस बधिर करणे) चांगले पाहायला मिळतात. स्वतः किती करायला मिळतात, हे कन्सल्टंटवर अवलंबून. माहितीपत्रक बाजूला ठेवा, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन लावा.

परीक्षा डीएनबीची कडक: लेखी देशभर एकच, ती पास झाल्याशिवाय प्रात्यक्षिक नाही. एमडीची परीक्षा विद्यापीठ घेते.

१९४७ साली स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सचे सदस्यत्व दोघांनाही मिळते.

शिकवायचे असेल, हात लवकर बसवायचा असेल तर सरकारी एमडी. कॉर्पोरेट रुग्णालयात काम करायचे असेल, किंवा अभिमतची फी झेपत नसेल, तर चांगल्या केंद्रातली डीएनबी घ्या.