शाळेच्या वर्गासाठी ‘द ग्रेट गॅट्सबी’: स्वस्त प्रत आणि टिपांची प्रत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आमच्या घरी यंदा एकाच कादंबरीच्या दोन प्रती विकत आल्या. मुलगी अकरावीला आहे, आणि अमेरिकन साहित्याच्या तिच्या तासाला एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ सहा आठवडे चालली. पहिली प्रत मी किंमत पाहून मागवली होती. ती निकामी ठरली, म्हणून दुसरी घ्यावी लागली. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या प्रतीचे, म्हणजे पेंग्विन क्लासिक्सच्या २०२१ सालच्या आवृत्तीचे आहे. पण पहिलीने काय शिकवले ते सांगितल्याशिवाय दुसरीचे मोल नीट कळणार नाही.

ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत तिचा प्रताधिकार २०२० च्या अखेरीस संपला आणि १ जानेवारी २०२१ पासून ती कोणालाही छापण्यास मोकळी झाली. तेव्हापासून बाजारात तिच्या इतक्या आवृत्त्या आल्या आहेत की मुखपृष्ठ पाहून त्यांतली निगुतीने छापलेली कोणती आणि कोठूनतरी मजकूर उचलून घाईने बांधलेली कोणती, हे ओळखता येत नाही. मी घेतलेली प्रत दुसऱ्या प्रकारची निघाली. पत्नी झेल्डाला केलेली अर्पणपत्रिका तीत नव्हती, आरंभीच्या चार ओळींच्या कवितेचा पत्ता नव्हता, आणि प्रसंग बदलताना लेखकाने सोडलेल्या मोकळ्या ओळी गाळून परिच्छेद सलग जोडलेले होते. इतके मी चालवून घेतले असते. शेवटच्या प्रकरणाने मात्र माझा निर्णय बदलला.

त्या प्रकरणात कादंबरीचा नायक गॅट्सबी याचे म्हातारे वडील मुलाच्या लहानपणीचे एक जीर्ण पुस्तक निवेदक निकला दाखवतात. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मुलाने १९०६ साली स्वतःसाठी दिवसाचे वेळापत्रक आखलेले असते: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, संध्याकाळी वक्तृत्वाचा सराव. त्याखाली काही निश्चय आहेत. त्यांतला एक म्हणजे दर आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. आणि तो पाचाचा आकडा खोडून मुलाने पुढे तीन लिहिले आहे. वर्गात जवळपास पूर्ण तास त्या खोडलेल्या आकड्यावर चर्चा झाली. एवढ्याशा खुणेतून घरची ओढाताण दिसते, आणि स्वप्न पाहतानाही हिशेब चुकू नये म्हणून धडपडणारा मुलगा दिसतो, असे एकेक जण सांगत होते. आमच्या प्रतीत वेळापत्रकाच्या सगळ्या ओळी एका परिच्छेदात कोंबलेल्या होत्या आणि आकडा फक्त तीनचा होता. “आई, माझ्या पुस्तकात खोडलेलं असं काही नाहीच,” असे मुलीने घरी येऊन सांगितले तेव्हा वाचवलेल्या चार डॉलरचे मला फार वाईट वाटले.

पेंग्विन क्लासिक्सच्या आवृत्तीला मिन जिन ली यांची प्रस्तावना आहे आणि संपादन व टिपा फिलिप मॅक्गोवन यांच्या आहेत. ली यांचा जन्म सोलचा. त्या सात वर्षांच्या असताना त्यांचे कुटुंब क्वीन्समध्ये आले. ज्या वस्तीत आमची मुले वाढत आहेत तिथेच वाढलेल्या, परदेशातून आलेल्या घरातल्या लेखिकेच्या हाताने या कादंबरीचे दार उघडावे, याचे मला मनापासून अप्रूप वाटले. एक सूचना मात्र करते. प्रस्तावना कादंबरीनंतर वाचावी, कारण अशा प्रस्तावना जाणत्या वाचकाला धरून लिहिलेल्या असतात आणि मुलांना कथेचा शेवट आधीच कळतो.

टिपांचे काय काम, असे ज्यांना वाटते त्यांनी सहावे प्रकरण पाहावे. गॅट्सबीची पुष्कळ औषधांची दुकाने होती, असे त्याची जुनी प्रेयसी डेझी तिथे सहज बोलून जाते. आजच्या सोळा वर्षांच्या वाचकाला त्यात खटकण्यासारखे काहीच नाही. पण कथा १९२२ च्या उन्हाळ्यातली आहे आणि जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झालेली होती; डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळणारी व्हिस्की ही त्या कायद्यातली एक पळवाट होती. हे ठाऊक असलेल्या वाचकाला डेझीच्या त्या निरागस वाक्यातच धोक्याची चाहूल लागते. ठाऊक नसलेल्याला पुढच्या प्रकरणात डेझीचा नवरा टॉम गॅट्सबीवर चोरट्या दारूविक्रीचा उघडपणे आरोप करीपर्यंत थांबावे लागते. आपल्याकडच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याची आणि परमिटची गोष्ट मी मुलीला सांगितली, तेव्हा तिला हे चटकन उमगले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पहिल्याच प्रकरणातले जेवणाचे दृश्य. श्रीमंत टॉम ब्यूकॅनन गॉडर्ड नावाच्या लेखकाच्या पुस्तकाचा हवाला देऊन, गोऱ्या लोकांनी सावध राहिले नाही तर इतर वंश जगाचा ताबा घेतील, असे तावातावाने सांगतो. हे नाव कल्पित असले तरी रोख खऱ्या माणसाकडे आहे: लोथ्रॉप स्टॉडर्ड यांचे याच आशयाचे पुस्तक १९२० साली निघाले होते आणि खूप वाचले गेले होते. टीप नसेल तर टॉमचे बोलणे एका उर्मट माणसाची बडबड ठरते; टीप असेल तर ती त्या काळातल्या सभ्य समाजात चालणारी चर्चा होती, हे कळते. आम्ही तेथून आणखी एक पाऊल पुढे गेलो. कथेतल्या त्या उन्हाळ्यानंतर वर्ष सरायच्या आत, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही आणि म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात याच देशाच्या सैन्यात होते. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. पुढे पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा प्रयत्न सरकारने केला आणि ते न्यायालयात जिंकले. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो थेट १९४६ च्या कायद्याने. मुलीने तिचा निबंध याच दृश्यावर लिहिला. टॉमच्या टेबलावर आपल्याला जागा नव्हती, हे तिने पहिल्याच वाक्यात लिहिले आणि मग नऊ प्रकरणांतून त्याचा माग काढला. गॅट्सबी दुरून पाहत राहतो त्या डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्यावर वर्गात दरवर्षी ढीगभर निबंध येत असणार. हा तिचा स्वतःचा होता.

न्यूयॉर्क परिसरात राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. कादंबरीत गॅट्सबी आणि ब्यूकॅनन राहतात त्या वेस्ट एग आणि ईस्ट एग या वस्त्यांच्या मागे लाँग आयलंडवरचे ग्रेट नेक आणि त्याच्या पूर्वेचा किनारा आहे, तर ‘राखेच्या दरी’मागे कोरोना येथील राखेचे ढीग. ते उपसून १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मैदान तयार झाले, आणि तिथेच आजचे फ्लशिंग मेडोज उद्यान आहे, जिथे आम्ही उन्हाळ्यात डबे घेऊन जातो. पोर्ट वॉशिंग्टनला जाणारी लोकल या जागा जोडते. एका शनिवारी पुस्तक हातात घेऊन आम्ही तो प्रवास केला, आणि दोन प्रकरणांमधले अंतर मुलीने खिडकीतून मोजले.

ऐकून वाचणाऱ्यांसाठी अभिनेते जेक जिलनहाल यांनी वाचलेले ऑडिओबुक चांगले आहे. ते पाच तासांच्या आत संपते. वाचनालयाच्या ॲपवर ते आम्हाला विनामूल्य मिळाले. मात्र वेळापत्रकातला खोडलेला आकडा डोळ्यांनीच पाहायला हवा, त्यामुळे त्याने पुस्तकाची जागा भरून निघत नाही. इंटरनेटवरच्या तयार सारांशांबद्दल मी एवढेच म्हणेन की मूळ कादंबरी जेमतेम १८० पानांची आहे. ती टाळून सारांश वाचण्यात वेळही फारसा वाचत नाही.

खरेदीपूर्वी शिक्षकांना एक गोष्ट जरूर विचारावी. वर्गात सगळे पृष्ठक्रमांकावरून बोलतात आणि निबंधातही अवतरणापुढे पृष्ठक्रमांक द्यावा लागतो. तुमची आवृत्ती वेगळी असेल तर ते जुळत नाहीत. मुलीने शाळेच्या प्रतीतले पृष्ठक्रमांक प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी समासात पेन्सिलीने लिहून घेतले आणि निबंधाखाली स्वतःच्या आवृत्तीचा तपशील दिला. शिक्षकांनी तो मान्य केला. टिपा शेवटी असल्याने दोन खुणा लागतात, एक चालू पानावर आणि एक टिपांच्या पानावर. सहा आठवडे दप्तरातून ने-आण होऊनही या प्रतीची बांधणी सैल झालेली नाही, आणि पुढच्या वर्षी अकरावीत जाणाऱ्या शेजारच्या मुलासाठी आम्ही ती राखून ठेवली आहे.