हात, डोकं की ऐरण? तीन जपानी गेम, पैसे एकाचेच

"मामा, ह्या तिनातलो खयचो घेव?"

बारावीचा निकाल लागला आणि वेंगुर्ल्याहून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्डवाला जुना लॅपटॉप आहे, एक कंट्रोलर आहे आणि आजीने हातावर ठेवलेले पैसे आहेत. ते एकाच गेमला पुरतील. यादीत नावं तीन: फायनल फँटसी सेव्हन रीमेक, पर्सोना फाइव्ह रॉयल आणि ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस. तिन्ही जपानी रोल-प्लेइंग गेम, तिन्हींत पोरंपोरी हत्यारं घेऊन राक्षसांशी भिडतात, त्यामुळे जाहिरातीतली चित्रं बघून फरक कळत नाही. मी तिन्ही संपवलेत. फोनवर रेंज येत-जात होती, म्हणून जे तुटक सांगितलं ते इथे नीट लिहितो.

पर्सोना आणि ड्रॅगन क्वेस्ट पाळीने लढतात. आपण हुकूम द्यायचा, वार होतो, मग शत्रूची पाळी. नव्या पोरांना हे विचित्र वाटतं: समोरचा मारेपर्यंत हे उभे कसे राहतात? त्यांनी दशावतार आठवावा. पखवाज चढतो, एक राजा गिरकी घेऊन तलवार घालतो, दुसरा झेलतो, संवाद म्हणतो, मग त्याचा वार. पहाटे तीनला मांडावर बसलेला कुणी विचारत नाही की हा मधेच पळाला का नाही. मजा वार कसा आणि कधी घातला यात असते.

रीमेक तसा नाही. तो हाताचा गेम आहे. बटण दाबत राहिलं की नायक क्लाउड ती दारापेक्षा रुंद बस्टर सोर्ड फिरवत राहतो, पण नुसत्या फिरवण्याने फार काही साधत नाही. वार बसत गेले की एटीबी नावाची पट्टी भरते आणि ती पट्टी खर्चून खरं काम होतं: विशेष वार, मंत्र, औषध. हुकमांचा मेनू उघडला की काळ जवळजवळ थांबतो, म्हणजे विचाराला सवड मिळते. मिटला की पुन्हा धुमश्चक्री.

पहिल्या रिअॅक्टरमधला स्कॉर्पियन सेंटिनेल हा पोलादी विंचू सगळा धडा तिथेच शिकवतो. मी आधी क्लाउडनेच ठोकत बसलो आणि नांगीच्या लेझरने भाजून निघालो. विंचवाला वीज झोंबते आणि विजेचा मटेरिया (मंत्र देणारा स्फटिक) असतो साथीदार बॅरेटकडे, ज्याच्या हाताच्या जागी बंदूकच आहे. बॅरेटवर जायचं, वीज टाकायची, विंचू डळमळला की क्लाउडवर परत यायचं. नांगीचा लेझर यायची वेळ झाली की वरून पडलेल्या ढिगाऱ्यामागे दडायचं. ज्याच्यावर आपला ताबा नसतो त्याची पट्टी हळू भरते, त्यामुळे एकालाच धरून बसणारा मार खातो.

रीमेकची चारही माणसं हाताला वेगवेगळी लागतात, आणि माझ्या मते हीच त्याची खरी कमाई. क्लाउड 'पनिशर' पवित्र्यात गेला की चाल मंदावते, वार जड होतात, आणि अडवताना जवळून आलेल्या घावाला तो आपोआप उलटा टोला देतो. टिफाची मूठ कोलमडलेल्या शत्रूसाठी आहे. शत्रूची स्टॅगरची, म्हणजे कोलमडण्याची, पट्टी भरली की त्याला नेहमीच्या 160 टक्के मार बसतो, आणि टिफा तो आकडा आणखी चढवते. एरिथ काठी घेऊन लांब उभी राहते. तिने जमिनीवर आखलेल्या वर्तुळात उभं राहून एक मंत्र म्हटला की तो दोनदा सुटतो. हत्यारांचंही तसंच आहे. प्रत्येक तलवारीत एक विद्या असते, ती वापरून पक्की केली की तलवार बदलली तरी विद्या क्लाउडकडे राहते. खिळे ठोकलेली बॅट दिसायला गमतीची आहे, पण मी ती बरेच दिवस सोडली नाही.

खोट एकच, पण मोठी. 1997 च्या मूळ गेमची गोष्ट इथे मिडगार शहरापुरतीच येते. पुढचं 2024 च्या 'रीबर्थ'मध्ये, म्हणजे पुन्हा आजीकडे जाणं आलं.

पर्सोनात हत्यार हे निमित्त आहे. नायक जोकरकडे खंजीर आणि पिस्तूल, र्‍युजीकडे दांडका आणि शॉटगन, अॅनकडे चाबूक, युसुकेकडे कताना, माकोटोच्या मुठीवर लोखंड, हारूकडे कुऱ्हाड. पण यातल्या बंदुका खोट्या आहेत! शिबुयातल्या 'अनटचेबल' नावाच्या दुकानातून घेतलेल्या नकली बंदुका. शत्रू माणसाच्या मनातल्या जगात राहतात, त्यांना त्या खऱ्या वाटतात, म्हणून लागतात. पटकथा लिहिणाऱ्याच्या या एका युक्तीवर मी अजून खूश आहे.

खरं शस्त्र म्हणजे शत्रूचं मर्म. आग, बर्फ, वीज, वारा, आणखी बरेच प्रकार. बहुतेक शत्रूंना काही ना काही लागतं. मर्मावर घाव बसला की तो आडवा होतो आणि तुम्हाला जादा पाळी मिळते. ती स्वतः वापरा किंवा बॅटन पास करून दुसऱ्याला द्या, त्याचा वार आणखी जड होतो. सगळे आडवे झाले की सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं, नाहीतर बंदूक रोखून सौदा करायचा: पैसे दे, वस्तू दे, किंवा माझ्यात सामील हो. सामील झालेल्याचं मग पर्सोना, म्हणजे आपल्या हुकमाने लढणारी शक्ती, होतं. वेल्व्हेट रूममध्ये अशा दोन पर्सोनांना गिलोटिनखाली देऊन तिसरं घडवायचं, आणि या जोड्या जुळवण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. बाकीच्यांकडे आपापलं एकच पर्सोना असतं, जोकर मात्र अनेक बाळगतो. म्हणून जोकर पडला की खेळ तिथेच संपतो, बाकी तिघं धडधाकट असली तरी. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि नव्या खेळाडूला तो पहिल्याच पॅलेसमध्ये, म्हणजे खलनायकाच्या मनातल्या महालात, रडवतो.

शिवाय लढाई हा या गेमचा अर्धाच भाग. उरलेल्या वेळात तोक्योत शाळा, परीक्षा, दोस्ती, नोकरी, आणि कॅलेंडरवर पुढे सरकणारी मुदत. मला 110 तास लागले. कॉलेज सुरू व्हायला दोन महिने असतील तर ठीक, नाहीतर जपून.

ड्रॅगन क्वेस्टबद्दल कमी लिहितो, कारण त्यात समजवायला कमी आहे. यात कमीपणा काही नाही. माणसं तोरियामांनी रेखाटलेली, म्हणजे ड्रॅगन बॉल पाहून वाढलेल्यांना चेहरे ओळखीचे वाटतील. हत्यार निवडलं की माणसाचा धंदाच ठरतो. नायकाने एकहाती तलवार घेतली तर दुसऱ्या हातात ढाल, दोन हातांची घेतली तर ढाल गेली आणि मार वाढला. नायकाचा चोर साथीदार एरिक सुऱ्या, तलवार किंवा बूमरँग यांपैकी काय शिकतो ते षटकोनी घरांच्या पटावर गुण खर्चून ठरतं. मी सुऱ्या घेतल्या. शत्रूला आधी झोपवायचं आणि झोपलेल्यावर असा वार काढायचा की कित्येक पट लागतो. चोर माणसाला शोभणारं आहे.

आणि ऐरण. खाण, रान, मारलेले राक्षस यांतून माल गोळा करून तलवार स्वतः घडवता येते. तापलेल्या पात्याच्या प्रत्येक भागाला मोजकेच हातोडे. कमी पडले तर कच्चं, जास्त पडले तर बिघडलं, आणि लोखंड तर हळूहळू निवत असतं. आमच्या वाडीत कोयत्या शेवटायला येणाऱ्या लोहारापुढे लहानपणी उकिडवं बसून मी हेच बघायचो. तो आम्हाला भाता ओढायला द्यायचा, हातोडा कधीच नाही.

एक मात्र लक्षात ठेवायचं: हा गेम नेहमीच्या पातळीवर फार सोपा जातो. नवा डाव सुरू करतानाच 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाच्या कठीण अटींच्या यादीतून 'शत्रू बलवान' हा पर्याय चालू करावा. नंतर तो चालू करता येत नाही.

आता कोकणातल्या अडचणी. रीमेकला 100 जीबी जागा लागते, बाकीच्या दोघांना प्रत्येकी 40 च्या आसपास. मोबाइलच्या रोजच्या डेटावर रीमेक उतरवायचा तर गणपती येतील. दुसरं म्हणजे लाइट. रीमेकमध्ये लढाई सोडून बहुतेक ठिकाणी सेव्ह करता येतं. ड्रॅगन क्वेस्टमध्ये चर्चमध्ये, तळ ठोकतो तिथल्या मूर्तीपाशी, शिवाय अधूनमधून आपोआप. पर्सोनाच्या पॅलेसमध्ये मात्र सेफ रूम गाठेपर्यंत काही नाही. एका आषाढात पहिल्या पॅलेसमध्ये, कामोशिदाच्या किल्ल्यात, मी दीड तास घालवला होता, सेफ रूम पुढच्याच दालनात होती, आणि वीज कडाडून लाइट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी. टीव्ही वाचला, एवढंच. भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते, हे त्याने मला चौथ्या फोनला सांगितलं.

म्हणून त्याला मी ड्रॅगन क्वेस्ट म्हटलं. त्याचा डेमो फुकट आहे, बराच मोठा आहे, आणि त्यातला डाव पूर्ण गेममध्ये तसाच पुढे चालू ठेवता येतो. आजीच्या पैशांना हात न लावता आठवडाभरात गेम जमतो का ते कळून येईल. ज्याला बोटांची करामत हवी आणि घरात इन्व्हर्टर आहे, त्याने रीमेक घ्यावा. पर्सोना मला तिन्हींत सगळ्यात जास्त आवडतो, तरी पहिला गेम म्हणून मी तो कुणाला सांगत नाही. पहिले तीन-चार तास नुसत्या गप्पा आहेत, त्याही इंग्रजीत वाचायच्या.

भाचा म्हणाला, "बरा." मग थांबून, "पण मामा, ता मांजर खयच्या गेमात आसा?"

मोर्गाना. पर्सोनात.

"मग तोच घेतंय."