वरचा जबडा पुढे आणताना: एकाच वेळी की रोज थोडाथोडा?

ओठ व टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये बालपणीच्या शस्त्रक्रियांचे व्रण वरच्या जबड्याची वाढ अडवतात. त्यामुळे वयात येताना चेहऱ्याचा मधला भाग बसका दिसू लागतो आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे जातात. नुसत्या तारा लावून हे अंतर भरून निघत नसेल, तर दोन मार्ग उरतात.

लफोर्ट-१ शस्त्रक्रियेत दातांच्या मुळांच्या वरून हाड आडवे कापतात, जबडा तिथल्या तिथे पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. मोठे काम एकाच वेळी उरकते, हा तिचा फार मोठा गुण आहे. मात्र व्रणांनी आखडलेली टाळू सहज ताणली जात नाही, ती जबड्याला मागे ओढत राहते, आणि अंतर जितके जास्त तितका हा धोका वाढतो.

डिस्ट्रॅक्शनमध्येही हाड कापतात, पण काही दिवस थांबून मग जबड्याला जोडलेल्या उपकरणाचा स्क्रू फिरवत जबडा रोज साधारण १ मिलिमीटर पुढे सरकवतात. फटीत नवे हाड तयार होते आणि भोवतालची त्वचा व स्नायूही सावकाश ताणले जातात. हाड घट्ट होईपर्यंत पुढचे काही आठवडे उपकरण तसेच राहते. ते बाहेरचे असेल तर कवटीला पिनांनी बसवलेली चौकट घेऊन वावरावे लागते, आतले असेल तर ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हाँगकाँगमध्ये ४७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ५ वर्षांनंतर डिस्ट्रॅक्शनने आणलेला जबडा अधिक टिकून राहिला. पहिल्या ३ महिन्यांत मात्र चारचौघांत वावरण्याचा आत्मविश्वास त्याच गटात कमी होता.

बोलण्याचे काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जबड्याबरोबर मऊ टाळूही पुढे येते, घशाकडची फट वाढते आणि उच्चार नाकातून येऊ शकतात. डिस्ट्रॅक्शनने हे टळते असा समज आहे, परंतु त्याच तुलनेत तसा फरक दिसला नाही. म्हणून आधी वाचातज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. ‘पापड’ म्हणताना नाकाखाली धरलेल्या आरशावर वाफ जमत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दोष वाढण्याची शक्यता गृहीत धरावी.

माझे मत असे, की वाढ पूर्ण झाली असेल आणि अंतर ५-६ मिलिमीटरचे असेल तर लफोर्ट-१ पुरेशी आहे. १० मिलिमीटरच्या पुढे डिस्ट्रॅक्शनचा विचार करावा. वाढत्या वयात केलेल्या डिस्ट्रॅक्शननंतर खालचा जबडा वाढतच राहतो, त्यामुळे पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. मधल्या अंतरांत निर्णय घराच्या परिस्थितीवरही ठरतो: रोज न चुकता स्क्रू फिरवणारे, पिनांभोवतीची जागा स्वच्छ ठेवणारे आणि ठरलेल्या दिवशी रुग्णालयात नेणारे कोणी आहे का, हे होकार देण्याआधीच पाहावे.